वाऱ्याचा हिशेब

पंचमहाभूतांपैकीं पृथ्वीचे तुकडे पाडून त्यांवर मालकी सांगण्याची कला माणसाला फार पूर्वींच साधली. पाण्याला बांध घालून, पाट काढून व पट्टी बसवून त्यानें तेंही आपल्या हिशेबांत आणलें. अग्नि तर त्यानें चुलीपासून यंत्रापर्यंत आपला चाकर करून सोडला. वारा तेवढा या हिशेबाच्या बाहेर राहिला. तो कोठून येतो व कोठें जातो हें निश्चित सांगतां येत नसल्यामुळें तो कोणीं अडविला हेंही निश्चित सांगतां येत नसे. एखाद्या खोलींत वारा येत नाहीं, तर ‘जागाच तशी आहे’ एवढें म्हणून माणूस गप्प बसे. या गप्प बसण्यांत थोडें अज्ञान होतें आणि थोडें समाधानही होतें. कारण ज्या दुःखाला कर्ता नाहीं, तें दैवाच्या खातीं टाकून मोकळें होतां येतें.

आज ही स्थिति पालटली आहे. इमारतीचा पाया खणण्यापूर्वीं, किंबहुना तिचा आराखडा कच्चा असतांनाच, तिच्याभोंवतीं आणि तिच्या पोटांत वारा कसा वाहील याचें चित्र संगणकावर काढतां येतें, आणि तें चित्र पाहून इमारतीची दिशा, रुंदी, उंची व तिच्यांतील मोकळी जागा बदलतां येते. या विद्येचें कौतुक करणारे पुष्कळ आहेत व तें कौतुक रास्तही आहे. परंतु प्रत्येक नव्या ज्ञानाबरोबर एक नवें उत्तरदायित्व जन्माला येतें, आणि त्याचा विचार बहुधा तें ज्ञान रुळल्यावर पुष्कळ वर्षांनीं सुरू होतो. वाऱ्याचा हिशेब मांडतां येऊं लागल्यावर तो कोणासाठीं मांडावयाचा, हा प्रश्न केवळ वास्तुशास्त्राचा राहत नाहीं. तो नीतीचा होतो. अशा प्रश्नाचा विचार अधांतरीं करण्यापेक्षां एखाद्या ठिकाणच्या जमिनीवर उभें राहून करणें बरें. तें ठिकाण म्हणून आम्ही लालबाग घेतों. कारण गेल्या सव्वाशें वर्षांत हवेविषयीं मुंबईनें ज्या ज्या कल्पना बाळगल्या, त्यांच्या खुणा या गिरणगांवांत व त्याच्या आसपास सांपडतात.

प्रथम ही विद्या काय आहे तें थोडक्यांत पाहूं. द्रव व वायु यांच्या गतीचीं जीं समीकरणें आजही या कामीं वापरतात, त्यांना नाव्हिए व स्टोक्स या एकोणिसाव्या शतकांतील दोन पंडितांचीं नांवें आहेत. समीकरणें मांडणें एक आणि तीं सोडविणें दुसरें. लुइस रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानें हवामानाचें गणित हातानें करून पाहिलें. अवघ्या सहा तासांतील फेरबदल काढावयाला त्याला कित्येक आठवडे लागले, आणि एवढें करून उत्तर साफ चुकलें. तरीही १९२२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यानें, एका विशाल सभागृहांत ६४,००० गणक बसवून साऱ्या पृथ्वीच्या हवेचा हिशेब चालला आहे, असें कल्पनाचित्र रंगविलें. त्या चौसष्ट हजारांचें काम आज मेजावरचें यंत्र करितें. ज्या जागेचा विचार करावयाचा तिचे लाखों लहान लहान कप्पे कल्पावयाचे, आणि प्रत्येक कप्प्यांत हवा किती आली, किती गेली व कोणत्या वेगानें गेली याचा मेळ बसेपर्यंत आंकडेमोड करावयाची, हें त्या विद्येचें सार होय.

या आंकडेमोडींतून जें दिसतें त्यांतील मुख्य गोष्टी सामान्य वाचकालाही समजण्यासारख्या आहेत. वारा इमारतीवर आदळला कीं समोरच्या अंगाला हवेचा दाब वाढतो व पाठीमागच्या अंगाला कमी होतो. खोलीला दोन्ही अंगांना तोंडें असतील तर या फरकामुळें हवा एका बाजूनें शिरून दुसऱ्या बाजूनें निघून जाते. एकच तोंड असेल तर ती खिडकीपाशींच घोटाळते. उंच इमारतीच्या वरच्या भागावर आदळलेला वारा खालीं उतरून तिच्या पायथ्याच्या कोपऱ्यांशीं झोंबूं लागतो, आणि तिच्या पाठीमागें मंद, भोंवरे घेणाऱ्या हवेचा एक पट्टा पडतो. त्याला वाऱ्याची सावली म्हणावयास हरकत नाहीं. ही सावली इमारतीच्या उंचीच्या कित्येक पट लांब जाऊं शकते. उन्हाची सावली मात्र कोणालाही दिसते; ही दिसत नाहीं. ती दिसते ती संगणकाच्या चित्रांत.

या कामीं वेळेला फार महत्त्व आहे. आराखडा कच्चा असतांना इमारत दहा अंश फिरविणें, दोन मनोऱ्यांमधील अंतर वाढविणें किंवा मध्यें चौक सोडणें याला पेन्सिलीच्या चार रेघांपलीकडे श्रम पडत नाहींत. एकदां खांब उभे राहिले व सदनिका विकल्या गेल्या, म्हणजे खिडकीचें तावदान बदलणें एवढेंच हातीं राहतें. म्हणून वाऱ्याविषयींचा नैतिक प्रश्नही त्या पहिल्या कागदावरच सुटतो किंवा बिघडतो.

आतां लालबागकडे वळूं. मुंबईची हवा दमट. अशा हवेंत उन्हापेक्षां न वाळणारा घाम अधिक पीडा देतो, आणि तो वाळविणारा वैद्य एकच, तो म्हणजे वारा. लालबागपासून पश्चिमेचा समुद्र सुमारें तीन किलोमीटरांवर आहे. दुपारीं तिकडून सुटणारा वारा हीच येथील उन्हाळ्यांतील खरी दौलत होय. गिरणगांवच्या चाळींनीं ही दौलत कांहीं अंशीं वांटून घेतली. लांबच लांब गॅलरी, तिच्यावर उघडणारीं दारें आणि मध्यें चौक ही रचना कोणा गणितज्ञानें ठरविलेली नव्हती. थोड्या खर्चांत पुष्कळ खोल्या बांधाव्या हाच घरमालकाचा हेतु होता. चाळीचें काव्य करण्याची जी प्रथा अलीकडे पडली आहे ती आम्हांस मान्य नाहीं. एका खोलींत दहा-बारा माणसें, तीन पाळ्यांची झोंप एकाच पथारीवर, मागच्या भिंतीला खिडकी नाहीं आणि स्वयंपाकाचा धूर पोटमाळ्यावर कोंडलेला, हेंही त्याच चाळीचें सत्य आहे. शिवाय वारा एकटा येत नाहीं. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीशेजारीं ज्यांनीं दिवस काढले, त्यांना वाऱ्याबरोबर मिरची कांडणाऱ्या डंकाचा खकाणाही घ्यावा लागला. इतकें असूनही, खोलींत न मिळणारा वारा गॅलरींत व चौकांत मिळे. म्हणूनच चाळींतल्या माणसाचें निम्में आयुष्य खोलीबाहेर गेलें. तेथेंच निजणें, तेथेंच धान्य निवडणें, तेथेंच भांडण आणि तेथेंच आरती. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; कायद्याचा विचार करितांना तिचा उपयोग होईल.

याच चाळींच्या शेजारीं गिरण्या होत्या. आणि हवेचा काटेकोर हिशेब या भागांत रोजच्या रोज कोठें होत असेल तर तो गिरणींत. कोरड्या हवेंत सूत तुटतें. म्हणून खात्यांत हवा मुद्दाम दमट ठेवीत, पाण्याचा फवारा किंवा वाफ सोडीत, आणि बाहेरचा वारा शिरून तो ओलावा मोडूं नये म्हणून खिडक्या बंद ठेवीत. छपरें करवतीच्या दांत्यांसारखीं, कां, तर उत्तरेचा सौम्य उजेड कामावर पडावा. हवा किती ओली, उजेड किती व कोणत्या दिशेचा, या सर्वांचा विचार झालेला होता. पण तो धाग्यासाठीं झालेला होता. त्याच हवेंत उडणारे कापसाचे कण ज्याच्या फुप्फुसांत जात, त्या कामगाराला या हिशेबांत रकाना नव्हता. हें उदाहरण आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. हवेचें ज्ञान असणें आणि त्या हवेंत श्वास घेणाऱ्याची कदर असणें या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, हें त्यावरून दिसतें. गणितांत दोष नव्हता. उत्तर कोणाच्या वतीनें मागितलें, एवढाच काय तो प्रश्न होता.

गिरणीबाहेरच्या हवेचा सार्वजनिक हिशेब सुरू झाला तो भीतीपोटीं. १८९६ मध्यें मांडवीच्या बाजूस प्लेग निघाला आणि १८९८ मध्यें बाँबे सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. कोंदट व दूषित हवेंतून रोग उपजतो, ही त्या वेळच्या अधिकाऱ्यांची दृढ समजूत होती. उंदरांवरील पिसवांचें शास्त्र तेव्हां नुकतेंच कोठें पुढें येत होतें. समुद्राचा वारा दाट वस्तींत शिरावा म्हणून ट्रस्टनें प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे पूर्व-पश्चिम रस्ते काढले. घरांसाठीं साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आला, आणि ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं त्याचा मोठा पुरस्कार केला. त्याचा अर्थ सोपा आहे: समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या खोलीच्या तळापर्यंत रेघ ओढली असतां तिचा जमिनीशीं होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा नसावा, म्हणजेच समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मे अंतर मध्यें मोकळें असावें. प्लेगच्या बाबतींत ही उपपत्ति चुकीची होती. पण तिच्यांतून निघालेला नियम माणसाच्या हिताचा होता. मात्र जुन्या वस्त्या पाडतांना ज्यांचीं घरें गेलीं त्यांतील पुष्कळांना नवीं मिळालीं नाहींत. तीं माणसें शेजारच्या वस्त्यांत अधिक दाटीनें शिरलीं. वारा आला, पण ज्यांच्या नांवानें तो आणला तीं माणसें तो घ्यावयाला तेथें उरलीं नाहींत.

पुढें १९२० नंतरच्या दशकांत डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें २०७ चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. मध्यें बोळ आणि दोहों अंगांना दहा-दहा खोल्या. गॅलरी बाहेरून आंत गेली आणि प्रत्येक खोलीला वाऱ्याचें एकच तोंड राहिलें. दुसरें हवें असेल तर दार उघडें ठेवावें. तेथें जो उघड्या दारांचा शेजार वाढला, त्याला माणसांच्या स्वभावाइतकाच हा नकाशाही कारण झाला असावा. नकाशा काढणाराची एक रेघ शेजारधर्मापर्यंत कशी पोंचते, याचा हा नमुना आहे.

१९८२ च्या जानेवारींत सुरू झालेल्या संपानंतर गिरणगांवचें रूप बदललें. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींतील ५८ व्या नियमानें गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ मानानें तीन वांटे कल्पिले होते: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठीं, एक सार्वजनिक घरांसाठीं, एक मालकासाठीं. २००१ च्या दुरुस्तीनें ही वांटणी मूळच्याच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली, आणि २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. हा वाद जमिनीचा म्हणून गाजला. तो वाऱ्याचाही होता, हें फारसें कोणीं बोलून दाखविलें नाहीं. गिरणीचें बैठें छप्पर पश्चिमेच्या वाऱ्याला फारसें आडवें येत नसे. त्यावरून तो मागच्या तीन-चार मजली चाळीच्या गॅलरीपर्यंत पोंचूं शके. त्या जागीं मनोरे आले, आणि मनोऱ्यांच्या तळाशीं भूखंड व्यापून टाकणारे मोटारींचे मजले आले. मनोरा हा वाऱ्याचा शत्रूच असतो असें मात्र नव्हे. चार्लस कोरिया यांची १९८३ मध्यें पुरी झालेली कंबाला हिलवरील ‘कांचनजंगा’ ही इमारत पाहावी. मुंबईंत पश्चिमेकडून वारा येतो, पण कडक ऊन व पाऊसही तिकडूनच येतात. जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याचें तत्त्व उंचावर नेऊन कोरियांनीं हा पेंच सोडविला. म्हणजे दोष उंचीचा नाहीं. मात्र ही काळजी ज्यांच्यासाठीं घेतली गेली ते सधन लोक होते, हेंही विसरूं नये.

ज्यांच्यासाठीं ती घेतली गेली नाहीं त्यांचें काय होतें, याचें उदाहरण मुंबईच्याच पूर्वेकडे आहे. गोवंडी-मानखुर्द भागांतील तीन पुनर्वसन वसाहतींचा एक अभ्यास २०१८ मध्यें प्रसिद्ध झाला. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था व मुंबईची आय. आय. टी. येथील संशोधकांचा त्यांत सहभाग होता. एकीकडे घरोघर जाऊन क्षयाच्या रोग्यांची विचारपूस केली आणि दुसरीकडे उजेड व वारा यांचें गणित संगणकावर केलें. लल्लूभाई कंपाउंड व नटवर पारेख कंपाउंड या दाटीनें बांधलेल्या दोन वसाहतींत क्षयाचें प्रमाण तिसऱ्या, ऐसपैस वसाहतीहून पुष्कळ अधिक आढळलें, आणि खालच्या मजल्यांवर उजेड-वाऱ्याची स्थिति अधिक वाईट दिसली. क्षयाला दारिद्र्य, अपुरें अन्न व दाटी हींही कारणें आहेत. सारा दोष भिंतींवर टाकणें योग्य नव्हे. पण सात-आठ मजली इमारतींमधलें अंतर जेथें तीन मीटर, तेथें साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमानें तें दहा-अकरा मीटर असावयास हवें होतें. शंभर वर्षांपूर्वीं अर्धवट शास्त्रावर जें पाळावयाचें ठरलें, तें पुऱ्या शास्त्राच्या काळांत सोडून दिलें गेलें. आणि येथें आणखी एक गोष्ट दिसते. वाऱ्याचें गणित झालें, पण तें घरें बांधून, माणसें राहावयास येऊन व आजारी पडून झाल्यावर. तें पहिल्या कागदावर झालें असतें तर?

कोणी म्हणेल, यासाठीं कायदा आहे. आहे खरा. १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा १८९१ मध्यें मुंबई इलाख्याला लागू झाला. एखाद्या इमारतीला वीस वर्षें हक्कानें व अखंड मिळालेल्या उजेडाचें व हवेचें त्यानें संरक्षण केलें आहे. एवढेंच नव्हे, तर घराच्या खिडकीकडे येणारी हवा अडविल्यानें राहणाराच्या शारीरिक सुखांत बरीच बाधा आली, तर आरोग्य बिघडलें नसलें तरी ती हानि भरीव मानावी, असें त्या कायद्याचें स्पष्टीकरण आहे. हें वाचून मन प्रसन्न होतें. परंतु त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणें मोकळ्या जागेकडे येणाऱ्या हवेवर असा हक्क केवळ वहिवाटीनें मिळत नाहीं. चाळकऱ्याचा वारा तर चौकांत होता! ज्याचें घर मोठें व खिडक्या पुष्कळ, त्याचा वारा कायद्यानें ओळखला. ज्याचें निम्में घर म्हणजे अंगण, त्याच्या अंगणाच्या वाऱ्याला त्यानें वहिवाटीचा मान दिला नाहीं. कायदेकर्त्यांचा हेतु वाईट होता असें नाहीं. मोकळ्या जागेलाही हा हक्क दिला तर कोणालाच कांहीं बांधतां येणार नाहीं, ही त्यांची अडचण खरी होती. म्हणूनच कायदा जेथें थांबतो तेथून नीतीला पुढें जावें लागतें.

यावर दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चाळींतील माणसालाच मनोरा हवा आहे; त्याला स्वतःचें न्हाणीघर हवें, मुलीला अभ्यासाला वेगळी खोली हवी. या इच्छेला नांवें ठेवण्याचा अधिकार ज्याला या गोष्टी जन्मतः मिळाल्या त्याला तर मुळींच नाहीं. शहर वाढणार, घरें उंच होणार, आणि प्रत्येक नवी भिंत कोणाचा तरी थोडा वारा घेणारच. हें सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु ‘थोडा’ म्हणजे किती, आणि ‘कोणाचा तरी’ म्हणजे कोणाचा, हें पूर्वीं सांगतां येत नव्हतें व आतां येतें. सारा फरक येथें आहे. जें कळूं शकत नाहीं त्याबद्दल माणसाला बोल लावतां येत नाहीं. जें कळत असून केलें त्याबद्दल लावतां येतो. परंतु या दोहोंच्या मध्यें एक तिसरी अवस्था आहे: विचारलें तर कळेल, पण विचारलें नाहीं. विचारण्याला जोंवर अफाट श्रम पडत होते तोंवर या अवस्थेला क्षमा होती. चार दिवसांच्या आंकडेमोडींत उत्तर मिळूं लागल्यावर न विचारणें हाही एक निर्णयच ठरतो.

आणि कित्येकदां हा निर्णय त्या चित्रांतच दिसून येतो. नव्या इमारतीच्या वाऱ्याचें गणित करितांना आसपासच्या इमारती चित्रांत घ्याव्या लागतात, कारण त्यांच्यामुळें आपला वारा बदलतो. परंतु त्या घेण्याची नेहमींची रीत अशी कीं, नवी इमारत खिडक्या-दारांसह तपशीलवार रेखावयाची आणि शेजारच्या इमारती नुसते भरीव ठोकळे म्हणून मांडावयाच्या. गणिताच्या सोयीसाठीं हें ठीकच आहे. पण त्याचा अर्थ असा होतो कीं, मागची चाळ त्या चित्रांत असते, फक्त तिला खिडक्या नसतात. आणि ज्याला खिडक्याच नाहींत त्याचा वारा अडला काय आणि न अडला काय! गिरणीच्या हिशेबांत जसा कामगाराला रकाना नव्हता, तसाच या हिशेबांत शेजाऱ्याला नाहीं. यंत्र बदललें; प्रश्न विचारणाराची जागा बदलली नाहीं. ज्यानें दाम मोजले त्याच्याच खोलींतून तें अजून वाऱ्याकडे पाहतें.

हें बदलणें अशक्य नाहीं. २००३ मध्यें हाँगकाँगला सार्सच्या सांथीनें हादरा दिला. त्यानंतर तेथील सरकारनें २००६ पासून मोठ्या सरकारी योजनांपूर्वीं आसपासच्या परिसराच्या वाऱ्यावर काय परिणाम होईल याची परीक्षा करण्याची पद्धत घातली. म्हणजे ‘माझ्या इमारतींत वारा येईल काय’ या प्रश्नाशेजारीं ‘माझ्या इमारतीमुळें रस्त्यावरच्या माणसाचा वारा जाईल काय’ हा प्रश्न बसला. लालबागसारख्या ठिकाणीं तर हें अधिकच अगत्याचें आहे. कारण उपकरप्राप्त जुन्या इमारतींच्या पुनर्विकासांत मोकळ्या अंतराच्या अटींत सवलती मिळतात. सवलत ही कोणाच्या तरी खिशांतून जाते. ती कोणाच्या खिशांतून जात आहे हें आराखडा कच्चा असतांनाच मांडावें, मागच्या चाळीला खिडक्या काढून मांडावें, सर्वांत खालच्या मजल्यावरच्या खोलीपासून मोजावयास सुरुवात करावी, आणि तें चित्र ज्यांच्या वाऱ्याचा प्रश्न आहे त्यांच्या डोळ्यांसमोर धरावें. त्यानंतरही मनोरा बांधावयाचा ठरला तर ठरो. तो निदान दोघांच्या माहितीनें बांधला जाईल.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. रंगीत चित्राला स्वतःचा असा एक दरारा असतो. वारा कोणत्या महिन्याचा धरला, कोणत्या प्रहराचा धरला, खिडक्या उघड्या मानल्या कीं बंद, यांवर उत्तर पालटतें. आणि आधीं ठरलेल्या गोष्टीला मागाहून शास्त्राचा शिक्का मिळविण्यासाठीं हींच चित्रें वापरतां येतात. डासांमुळें, पावसामुळें किंवा लज्जेमुळें जी खिडकी राहणारी बाई कधींच उघडत नाहीं, तिच्यांतून आलेला वारा कागदावर कितीही सुखद असला तरी व्यर्थ होय. गणिताला या गोष्टी कोणीतरी सांगाव्या लागतात, आणि त्या सांगावयाला त्या खोलींत जावें लागतें. न्याय आंकड्यांतून निघत नाहीं. आंकडे इतकेंच करितात कीं, अन्यायाला पूर्वीं जी लपावयाची जागा होती ती नाहींशी करितात.

वाऱ्याला मालक नाहीं हें खरें. परंतु त्याच्या वाटेंत उभ्या राहणाऱ्या भिंतीला मालक आहे, आणि त्या भिंतीची सावली कोठवर पडेल हें ती उभी करण्यापूर्वीं त्याला कळूं शकतें. एवढें झाल्यावर मागच्या चाळींतील उकाड्याला दैव म्हणतां येणार नाहीं.